१५ ते ५०: मधल्या स्कूटरचं काय?

सरकारी हिशोबाने दुचाकीचं आयुष्य तीन टप्प्यांचं असतं. पहिली १५ वर्षं निवांत. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत न्यायची, तपासून घ्यायची, फी भरायची आणि आरसी वाढवून आणायची. आणि गाडीने पन्नाशी ओलांडली, तिचं मूळ रूप शाबूत असलं, तर २०२१ मध्ये आलेल्या नियमाने तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होऊ शकते. थोडक्यात काय, तर पंधराव्या वर्षी अडगळ आणि पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली ३५ वर्षं तिला सांभाळायचं कोणी? माझं उत्तर सरळ आहे: आपण. कॉलेजच्या पोरापोरींनी.

मी बोलतोय ते बजाज चेतकबद्दल. अमरावती-अकोल्यातल्या कितीतरी घरांच्या ओसरीत, जिन्याखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात ती अजून उभी आहे. घरच्यांचा सल्लाही ठरलेला, "कायले ठेवता ते डबडं? देऊन टाका भंगारवाल्याले!" देण्याआधी निदान तिची कुंडली तरी वाचा.

ही कुंडली इटलीत सुरू होते. पियाजिओ ही १८८४ ची कंपनी. आधी जहाजांचं सामान, मग रेल्वेचे डबे, मग विमानं असा तिचा प्रवास. दुसऱ्या महायुद्धात तिचा पोंतेदेराचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा विमानांना गिऱ्हाईक नव्हतं आणि लोकांकडे मोटार घ्यायला पैसे नव्हते. मालक एन्रिको पियाजिओने स्वस्त दुचाकी बनवायचं काम कोराडिनो दास्कानिओकडे दिलं. हा गडी विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा इंजिनीअर. मोटारसायकल त्याला मुळीच आवडायची नाही. साखळीच्या ग्रीसने कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढता काढता जीव जातो, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली. इंजिन मागच्या चाकाशेजारी बसवलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे ते झटकन निघतं. वेगळी चौकट ठेवलीच नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. गिअर डाव्या मुठीत. एप्रिल १९४६ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. नाव ठेवलं वेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

आता कुंडली आपल्या विदर्भाकडे वळते. वर्ध्याचे सेठ बच्छराज बजाज यांच्या घराण्यात जमनालाल बजाज दत्तक आले. पुढे गांधीजींना वर्ध्याला आणणारे हेच जमनालाल. याच बच्छराज नावाने १९४५ मध्ये एक ट्रेडिंग कंपनी निघाली आणि ती बाहेरून स्कूटर, तीनचाकी मागवून विकू लागली. हीच पुढे बजाज ऑटो झाली. पियाजिओशी करार करून तिने १९६० च्या दशकात पुण्याजवळ आकुर्डीला वेस्पा बनवली. १९७१ मध्ये करार संपला, आणि १९७२ मध्ये तेच इटालियन हाडपेर घेऊन महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने चेतक रस्त्यावर आली. मग नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं आलं, १९८९ ची 'हमारा बजाज' जाहिरात आली, आणि नंतर मोटारसायकलींची लाटही आली. २००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणंच थांबवलं. गंमत बघा, २०१२ मध्ये पियाजिओ आपल्या बारामतीत वेस्पा बनवू लागली आणि २०२० मध्ये चेतक हे नाव इलेक्ट्रिक होऊन परत आलं. नाव परतलं. पण तो मुठीतला गिअर, ती स्टेपनी, तिरपी करून मारलेली किक, हे सगळं फक्त जुन्या गाडीतच उरलंय.

हे जपायला कंपनी येणार नाही. इटलीतही नुसत्या कंपनीने जपलं नाही. तिथे १९४९ मध्येच वेस्पा चालवणाऱ्यांच्या क्लबांची देशभरची संघटना उभी राहिली. कंपनीचं म्युझियम पोंतेदेराच्या जुन्या कार्यशाळेत उघडलं ते २००० मध्ये. म्हणजे आधी माणसं जमली, काचेमागच्या गाड्या नंतर आल्या.

आपल्याकडे बायकिंग क्लब म्हटलं की डोळ्यासमोर येते लाखांची गाडी, जॅकेट आणि चिखलदऱ्याचं रील. त्यात वाईट काही नाही, पण ते बापाच्या खिशावर चालतं. चेतकचा क्लब तसा नाही. गाडी घरातच आहे. लागतो तो वेळ, आणि एखाद्या काकांपुढे शिकायला बसायची तयारी.

खरी घाई त्या काकांची आहे. पत्रा एकदाचा पन्नास वर्षं टिकेलही, पण ही गाडी नुसत्या आवाजावरून ओळखणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. कार्बोरेटर कुठे अडतो, पॉइंटमधलं अंतर किती ठेवायचं, क्लचची तार किती ताणायची, हे त्यांच्या बोटांत आहे, पुस्तकात नाही. म्हणून क्लबचं पहिलं काम राइड नव्हे. मिस्त्रींच्या हाताखाली बसा, मोबाईलवर त्यांचं काम रेकॉर्ड करा. मेकॅनिकलच्या पोरांना टू-स्ट्रोक इंजिन व्हायवापुरतं पाठ असतं, इथे ते उघडून बघायला मिळेल. दुसरं काम, शहरात किती गाड्या उरल्यात आणि कोणत्या सालच्या, याची यादी. तिसरं, आरसी, विमा, पीयूसी यांची कामं मिळून करणं, कारण बहुतेक गाड्या कागदांच्या कंटाळ्यानेच भंगारात जातात. आणि मुलींना यात फक्त फोटोपुरतं बोलावू नका. दास्कानिओने ही गाडी साडी-स्कर्टमध्येही चढता यावी अशी मोकळी ठेवली, तरी आपल्या आज्या तिच्यावर मागेच बसल्या. नातींनी हँडल धरायला काय हरकत आहे?

"टू-स्ट्रोक धूर ओकते, पर्यावरणाचं काय?" हा प्रश्न रास्त आहे, त्याला हसून उडवू नका. रोज कॉलेजला ती नेऊच नका, त्यासाठी बस आहे, सायकल आहे. महिन्यातून एक रविवार, तोही पीयूसी पास झालेल्या गाडीने. जी पास होणार नाही ती चालवायची नाही, हा क्लबचा पहिला नियम. अमरावतीकरांनी बडनेऱ्याकडून निघावं, अकोलेकरांनी समोरून यावं, मूर्तिजापुरात चहा घ्यावा. याच मार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचं डांबरीकरण २०२२ च्या जूनमध्ये पाच दिवसांच्या आत झालं आणि गिनेस बुकात गेलं. जिथे वेगाचा विक्रम झाला, तिथे चाळीसच्या स्पीडने जाण्यातही मजा आहे, भाऊ!

१९८५ च्या चेतकला पन्नाशी गाठायला २०३५ उजाडेल. तोवर आजचे फर्स्ट इयरवाले नोकरीला लागलेले असतील, आणि त्या मिस्त्रींचं दुकान असेल की नाही, सांगता येत नाही. तेव्हा कपाटातलं ते जुनं आरसी बुक आजच काढा आणि नोंदणीचं साल बघा. मग कळेल तुमच्या घरच्या गाडीला किती वर्षं सांभाळायचंय.