घरांतील यंत्रें : लॅपटॉपचा डोळा मिटतो तेव्हां

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत असें घर विरळाच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा नातवंड दूरदेशीं नाहीं. आठवड्यांतून एकदां, बहुधा रविवारीं सकाळीं, सारें घर लॅपटॉपच्या पडद्यासमोर गोळा होतें. आजीबाई मधल्या खुर्चीवर बसतात, सूनबाई हात पुसत स्वयंपाकघरांतून येतात, आणि तिकडे अमेरिकेंत शनिवारची रात्र असल्यामुळें नातूही निवांत असतो. अशा वेळीं त्याचा चेहरा आपणांस दिसावा, पण आपल्या चौकोनांत मात्र नुसता काळोख असावा, यापरता हिरमोड दुसरा नाहीं. "मी दिसत्यें का रे?" असें आजीबाई तीनतीनदां विचारतात, आवाज पोंचतो, मुद्रा पोंचत नाहीं.

हा प्रश्न केवळ गप्पागोष्टींचा असता तर आम्ही त्यावर या सदराचीं पानें खर्चिलीं नसतीं. नोकरीच्या मुलाखती, कांहीं परीक्षा, परगांवच्या डॉक्टरांचा सल्ला, हीं सर्व आतां याच लहानशा भिंगांतून होतात. ऐन वेळीं तें भिंग आंधळें झालें म्हणजे घरांत जी धांदल उडते, तींत माणूस नको तें करून बसतो. कोणी नवें यंत्र विकत घेतो, कोणी यंत्रांतील सर्व माहिती पुसून टाकतो, तर कोणी दूरध्वनीवरील अनोळखी माणसाच्या हातीं सारा लॅपटॉप सोंपवितो. वास्तविक या डोळ्याचें दुखणें बहुधा डोळ्यांत नसतेंच. तें कोठें असूं शकतें व कोणत्या क्रमानें शोधावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम या डोळ्याची घडण पाहूं. पडद्याच्या वरच्या चौकटींत मुगाएवढें भिंग असतें. त्याच्या मागें प्रकाशाचें विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी चकती व एक चिंचोळी पट्टी असते. तेथून केंसासारख्या बारीक तारा बिजागरीच्या आंतून खालीं, कळफलकाखालच्या मुख्य फलकापर्यंत जातात. बाहेरून जोडावयाच्या कॅमेऱ्याला जी यूएसबीची दोरी असते, तिच्याच पद्धतीनें बहुतेक लॅपटॉपांत हा आंतला कॅमेराही जोडलेला असतो. फक्त ती जोडणी आपल्या दृष्टीस पडत नाहीं. मुख्य फलकापर्यंत आलेले संकेत यंत्राच्या कारभारी प्रणालीस, म्हणजे विंडोज वगैरेंस, समजावून देण्याचें काम एका लहानशा आज्ञावलीकडे असतें. तिलाच ड्रायव्हर म्हणतात. या शब्दानें मोटार हांकणारा डोळ्यांपुढें येतो. परंतु येथें त्याचें काम दुभाष्याचें आहे. शेवटीं, ज्या कार्यक्रमांतून आपण बोलतों त्याला चित्र घेण्याची परवानगी असावी लागते.

म्हणजे झांकण, परवानगी, दुभाषा, तार व प्रत्यक्ष डोळा अशीं पांच ठिकाणें झालीं. तपासणी याच क्रमानें, बाहेरून आंत जात करावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, ती बदलल्यावर पुनः पाहावें, आणि पडद्यावर कांहीं आंकडा उमटल्यास तो कागदावर टिपून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला रोग बरा झाला तरी औषध कोणतें लागू पडलें तें कळत नाहीं.

झांकणापासून आरंभ करावा. अनेक यंत्रांवर भिंगाशेजारीं सरकणारा पडदा असतो. पुसतांना किंवा पिशवींत घालतांना तो सहज सरकतो, आणि मग सर्व कांहीं ठीक असूनही चित्र काळें येतें. कांहीं यंत्रांत कळफलकाच्या वरच्या ओळींत, काट मारलेल्या कॅमेऱ्याची आकृति असलेली कळ असते. तर कांहींच्या कडेला लहानसें बटन असतें. मुलांच्या हातून ती कळ दाबली जाणें नवल नव्हे. कांहीं यंत्रांत ही कळ कॅमेऱ्याची वीजच तोडते. त्यामुळें यंत्राच्या यादींतून कॅमेऱ्याचें नांवही नाहींसें होतें. म्हणून यादींत नांव नाहीं एवढ्यावरून कॅमेरा निकामी झाला असें समजूं नये.

दुसरी गोष्ट यंत्र नव्यानें सुरू करण्याची. येथें एक बारकावा आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून "शट डाउन" केलें असतां प्रणालीचा कांहीं भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो, म्हणजे पुढच्या वेळीं ती लवकर जागी व्हावी. त्यामुळें रात्रीं बंद करून सकाळीं उघडलें तरी अडकलेला दुभाषा अडकलेलाच राहूं शकतो. "रीस्टार्ट" या आज्ञेनें मात्र सर्व मांडणी पहिल्यापासून होते. तेव्हां तीच द्यावी.

यानंतर विंडोजमध्यें मूळचाच असलेला "कॅमेरा" हा कार्यक्रम उघडावा. त्यांत चित्र दिसलें तर डोळा, तार व दुभाषा हे तिन्ही निर्दोष ठरले. दोष बोलण्याच्या कार्यक्रमांत आहे. त्या कार्यक्रमांत भलताच कॅमेरा निवडलेला असतो, किंवा ब्राउझरनें परवानगी मागितली असतां कोणी घाईनें नकार दिलेला असतो, किंवा दुसऱ्याच एखाद्या कार्यक्रमानें कॅमेरा अडवून ठेविलेला असतो. उलट, येथेंही चित्र न येतां सूचना आली, तर तिच्या शेवटचे आंकडे पाहावे. ४२४३ असल्यास कॅमेरा दुसऱ्या कार्यक्रमाच्या ताब्यांत आहे. ४२४४ असल्यास प्रणालीला कॅमेराच सांपडत नाहीं.

आतां परवानगी. विंडोज ११ मध्यें "सेटिंग्ज", त्यांत "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", व त्यांत "कॅमेरा" असें जावें. येथें एकाखालीं एक तीन अडसर आहेत. पहिला सर्व यंत्रापुरता, दुसरा विंडोजच्या दुकानांतून घेतलेल्या कार्यक्रमांचा, आणि तिसरा "डेस्कटॉप" कार्यक्रमांचा. ब्राउझर व बैठकींचे बरेचसे कार्यक्रम या तिसऱ्या वर्गांत मोडतात. वरचे दोन उघडे व तिसरा बंद असा प्रकार पुष्कळदां आढळतो. ॲपलच्या यंत्रांतही २०१८ सालच्या मोहावी आवृत्तीपासून प्रत्येक कार्यक्रमास अशीच परवानगी घ्यावी लागते. याखेरीज विषाणुरोधक कार्यक्रम ठेविला असेल, तर कित्येकदां त्याचा स्वतःचा निराळाच अडसर असतो, तोही पाहावा.

येथवर कांहीं न सांपडल्यास दुभाष्याकडे वळावें. पूर्वीं प्रत्येक कारखान्याच्या कॅमेऱ्याची बोली वेगळी, म्हणून प्रत्येकाला दुभाषाही वेगळा लागे. २००३ सालीं यूएसबी कॅमेऱ्यांसाठीं एक प्रमाणभाषा ठरली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला यूव्हीसी म्हणतात. २००४ सालच्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणेपासून विंडोजनें, आणि २००८ पासून लिनक्सच्या गाभ्यानें, त्या भाषेचा दुभाषा पदरींच बाळगला आहे. म्हणून बहुतेक अंगभूत कॅमेऱ्यांना बाहेरून कांहीं आणावें लागत नाहीं, ही गोष्ट मनांत पक्की धरावी.

"स्टार्ट"च्या चिन्हावर उजवी कळ दाबून "डिव्हाइस मॅनेजर" उघडावा व त्यांत "कॅमेराज" किंवा "इमेजिंग डिव्हाइसेस" हें सदर पाहावें. नांवावर खालीं वळलेला बाण असेल तर कॅमेरा कोणीतरी बंद केला आहे. "एनेबल" म्हटलें कीं झालें. पिवळा त्रिकोण असेल तर नांवावर दोनदां टिचकी मारून आंकडा वाचावा. २२ म्हणजे बंद केलेला, २८ म्हणजे दुभाषा बसविलेलाच नाहीं, ४३ म्हणजे उपकरणानेंच बिघाड कळविला, आणि ४५ म्हणजे उपकरण जोडलेलें नाहीं.

उपचार सौम्यापासून तीव्राकडे करावे. नवी आवृत्ति आल्यानंतरच दोष सुरू झाला असेल तर "रोल बॅक ड्रायव्हर" ही आज्ञा देऊन मागच्या दुभाष्यास परत बोलवावें. तें न जमल्यास "अनइन्स्टॉल डिव्हाइस" करावें. त्या वेळीं ड्रायव्हर पुसून टाकण्याविषयीं जी चौकट पुढें येते तींत खूण करूं नये. मग यंत्र रीस्टार्ट करावें, म्हणजे विंडोज कॅमेरा पुनः शोधून काढतें. तरीही उपयोग न झाल्यास "अपडेट ड्रायव्हर"मधून यंत्रावरील यादी उघडून "यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस" निवडावें. हाच तो प्रमाणभाषेचा दुभाषा. सरतेशेवटीं, लॅपटॉपच्या तळाशीं लिहिलेला नमुना-क्रमांक पाहून त्याच कारखान्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. गेल्या कांहीं वर्षांतील इंटेलच्या कित्येक पातळ यंत्रांत मात्र कॅमेरा यूएसबीनें न जोडतां थेट प्रक्रियकाच्या चित्रविभागास जोडलेला असतो. तेथें प्रमाणभाषा चालत नाहीं; कारखान्याचाच ड्रायव्हर लागतो.

दुभाष्याच्या चुकीनें चांगला डोळा कसा आंधळा ठरतो, याचें एक ठळक उदाहरण २०१६ सालचें आहे. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत विंडोज १० ची एक मोठी सुधारणा निघाली. एकाच कॅमेऱ्याचें चित्र अनेक कार्यक्रमांना एकाच वेळीं मिळावें, म्हणून तींत चित्रें वांटणारा एक मध्यस्थ नेमण्यांत आला. परंतु दाबून आटोपशीर केलेलीं कांहीं प्रकारचीं चित्रें तो पुढें जाऊं देईना. परिणामीं जगभर अनेकांचे धडधाकट कॅमेरे बोलतां बोलतां गोठूं लागले. मायक्रोसॉफ्टनें कारण मान्य केलें व पुढें दुरुस्ती धाडली. त्या अवधींत ज्यांनीं कॅमेरे फेंकून नवे घेतले, त्यांच्या नव्या कॅमेऱ्यांचीही तीच गत होण्याचा संभव होता. सुधारणा होतांच एखादें उपकरण थांबलें, तर पहिला संशय सुधारणेवर घ्यावा.

इतकेंही करून गुण न आल्यास तार किंवा प्रत्यक्ष डोळा यांचा विचार करावा. पडदा हळूहळू मागेंपुढें करून पाहावा. एका कोनांत चित्र येतें व दुसऱ्यांत जातें असें झालें, तर बिजागरींतील तार कुरतडली किंवा सैल झाली आहे. दुकानांत जाण्यापूर्वीं यंत्र बंद करून, विजेची दोरी काढून, चालू करण्याचें बटन अर्धा मिनिट दाबून धरावें. शिल्लक वीज निघून गेल्यावर कधींकधीं अडकलेला कॅमेरा जागा होतो. यंत्राच्या मूळ मांडणींत, म्हणजे बायोसमध्यें, कॅमेरा बंद तर नाहीं ना, तेंही पाहावें. तार किंवा पट्टी बदलणें हें काम जाणत्या कारागिराचें आहे. पडद्याची चौकट घरीं उचकटूं नये. खर्च फार वाटल्यास बाहेरून जोडावयाचा साधा यूएसबी कॅमेरा हा उत्तम मार्ग आहे. आणि चित्र नुसतें धुरकट असेल तर आधीं भिंग मऊ कोरड्या फडक्यानें पुसावें. चेहरा काळा दिसत असेल तर पाठीमागची खिडकी झांकावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घाबरलेला माणूस संकेतस्थळावर शोध घेतो व तेथें दिसणाऱ्या कोणत्याही साहाय्य-क्रमांकावर बोलतो. पलीकडला गोड बोलून एखादा कार्यक्रम उतरवून घेण्यास सांगतो, आणि त्याच्या द्वारें आपल्या यंत्राचा ताबा स्वतःकडे घेतो. कॅमेरा राहतो बाजूला, आणि पेन्शनीच्या खात्यांतील शिल्लक जाते. कॅमेऱ्याच्या दुरुस्तीसाठीं बँकेचा परवलीचा शब्द किंवा दूरध्वनीवर आलेला अंक कोणासही कधींच लागत नाहीं, हें घरांतील वडीलधाऱ्यांस शांतपणें समजावून सांगावें. त्यांना हिणवूं नये, कारण हिणवलेला माणूस पुढच्या खेपेस लपवितो. दुर्दैवानें फसवणूक झालीच, तर विलंब न लावतां सरकारच्या १९३० या क्रमांकावर कळवावें. "सर्व ड्रायव्हर आपोआप सुधारून देतों" असें म्हणणारे जाहिरातींतील कार्यक्रमही दूर ठेवावे.

ज्या अडसरांनीं आपणांस इतकें छळलें, ते शत्रु मात्र नव्हेत. एकत्र कुटुंबांत एकाच खोलींत कोणी अभ्यास करतो, कोणी पूजेस बसतो, कोणी मुलास दूध पाजते. तेथें एक उघडा डोळा सदोदित रोखलेला असणें कोणासच रुचणार नाहीं. म्हणून बोलणें संपतांच भिंगावरचा पडदा सरकवावा, आणि कोणी बोलत नसतां भिंगाशेजारचा दिवा लागलेला दिसल्यास कोणता कार्यक्रम चित्र घेत आहे तें परवानगीच्या त्याच पानावर तपासावें. पडदा कोठें आहे व तो कसा उघडावयाचा, हें घरांतील एकट्या मुलालाच नव्हे, आजीबाईंनाही ठाऊक असावें.

ज्यांना लक्षांत ठेवण्यास सोपें हवें त्यांनीं कपाटाच्या दारावर एवढेंच लिहून लावावें : पडदा व कळ, रीस्टार्ट, कॅमेरा कार्यक्रम, परवानगीचे तीन अडसर, डिव्हाइस मॅनेजर, शेवटीं बिजागरी. आणि मुलाखत किंवा डॉक्टरांची वेळ ठरलेली असेल, तर ही तपासणी आदल्या दिवशींच उरकावी.