विश्लेषण : टाचदुखीवर इंजेक्शन, शॉकवेव्ह की व्यायाम? शस्त्रक्रियेविना होणारे उपचार किती गुणकारी?

सकाळी उठून पहिले पाऊल टेकवताच टाचेतून कळ जाते, चार पावलांनंतर बरे वाटते आणि संध्याकाळी दुखणे पुन्हा डोके वर काढते. हा त्रास महिनोनमहिने चालला की ‘ऑपरेशन नको, एकच इंजेक्शन’ अशा जाहिराती खुणावू लागतात. शस्त्रक्रियेविना होणारे हे उपचार महागडे असतात आणि सर्वांना सारखेच लागू पडत नाहीत.

दुखते नेमके कुठे?

टाचेच्या तळाला दुखत असेल तर बहुतेकदा कारण प्लांटर फॅसायटिस असते. यात तळव्याची कमान पेलणारा जाड पट्टा दुखावतो. टाचेच्या मागे दुखत असेल तर पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी कंडरा, म्हणजे अकिलिस टेंडन, दुखावलेली असू शकते. एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलेले’ दिसले की अनेक जण घाबरतात, पण असे हाड कसलाही त्रास नसलेल्यांमध्येही आढळते. दुखणे जुने झाले की सुजेपेक्षा तंतूंची झीज जास्त असते. त्यामुळे केवळ सूज उतरवणारी औषधे पुरत नाहीत.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काय होते?

आराम लवकर मिळतो, पण टिकत नाही. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टाचेच्या तळाचे दुखणे चार आठवड्यांनी कमी झाले होते. आठ आणि बारा आठवड्यांनी मात्र हा फरक उरला नाही. अकिलिस टेंडनमध्ये हे इंजेक्शन सहसा टाळले जाते, कारण कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचा धोका असतो.

पीआरपी म्हणजे काय?

रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सनी समृद्ध भाग दुखऱ्या जागी टोचतात. अकिलिसच्या दुखण्यात मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष निराशाजनक आहेत. नेदरलँड्समध्ये २०१० साली ५४ रुग्णांच्या चाचणीत पीआरपी मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. ब्रिटनमध्ये २०२१ साली २४० रुग्णांच्या चाचणीत काहींना पीआरपी दिले, तर काहींना त्वचेखाली नुसती सुई टोचली. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच होते. टाचेच्या तळाच्या दुखण्यात मात्र काही चाचण्यांत पीआरपीचा फायदा स्टिरॉइडपेक्षा जास्त काळ टिकला.

शॉकवेव्ह आणि सुईची प्रक्रिया?

मूतखडे फोडण्यासाठी वापरले जाणारे तंत्र कमी तीव्रतेने टाचेवर वापरतात. प्लांटर फॅसायटिससाठी अशा यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. अकिलिसबाबत २००९ मधील एका अभ्यासात व्यायामाला शॉकवेव्हची जोड दिल्यावर नुसत्या व्यायामापेक्षा चांगला परिणाम दिसला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मते सुरक्षिततेची मोठी चिंता नाही, पण परिणामकारकतेचे पुरावे एकसारखे नाहीत. सोनोग्राफीत पाहत खास सुईने झिजलेला भाग काढण्याच्या प्रक्रियेवर बहुतांश अभ्यास लहान आहेत.

मग आधी काय करावे?

१९९८ मध्ये स्वीडनचे डॉ. हाकान अल्फ्रेडसन यांनी अकिलिसच्या जुनाट दुखण्याने त्रस्त १५ हौशी धावपटूंकडून १२ आठवडे व्यायाम करून घेतला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच हळूहळू खाली न्यायची, रोज १८० वेळा. सगळे पुन्हा धावू लागले. अभ्यास छोटा होता, तरी पोटरीला हळूहळू भार देणारा व्यायाम आजही उपचाराचा पाया मानला जातो. कंडरा हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवर व्यायाम करतात. तळाच्या दुखण्यात पोटरी व तळव्याचे ताण, मऊ टाचेची पादत्राणे आणि वजनावर नियंत्रण उपयोगी पडते. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो.

डॉक्टरांना काय विचारावे?

निदान कोणते, व्यायाम किमान तीन महिने नीट झाला का, इंजेक्शन किती वेळा घ्यावे लागेल आणि एकूण खर्च किती, हे आधी विचारावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके घेतली असतील तर तेही सांगावे, कारण त्यांनी कंडरेला इजा होऊ शकते. टाचेमागे अचानक ‘कट्’ असा आवाज होऊन चवड्यावर उभे राहता येईनासे झाले तर कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी व्यायाम न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.