नकाशावर नसलेले बेट

फळीवर बोटभर रुंदीचे रूळ मांडून चिमुकल्या आगगाड्या चालविणारे हौशी गृहस्थ त्या मार्गाचा काल्पनिक इतिहासही रचतात, हे ऐकून वाचकांस हसू येईल. आम्हांसही आले होते.

परंतु इंग्लंडातील अँग्लिकन पाळक विल्बर्ट ऑड्री ह्यांचे पाहा. गोवर आलेल्या मुलास रमविण्यासाठी त्यांनी इंजिनांच्या गोष्टी रचिल्या. १९४५ पासून त्यांची पुस्तके निघाली. पुढे त्यांतील विसंगतींविषयी बालवाचक विचारू लागले. 'गोष्टच ती!' असे म्हणून ऑड्रींनी त्यांची बोळवण केली नाही. १९५० साली मॅन बेटावर गेले असता तेथील बिशपांची 'सोडोर आणि मॅन' ही उपाधी त्यांच्या ध्यानी आली. मॅन बेट होते. सोडोर नावाचे बेट मात्र नकाशावर नव्हते. ते त्यांनी कल्पनेने समुद्रात वसविले आणि बंधू जॉर्ज ह्यांच्या साहाय्याने त्याचा भूगोल व इतिहास सिद्ध केला. त्यांच्या घरची लहानगी रेल्वेही त्याच बेटावरील एक फाटा होती.

लेकराच्या प्रश्नास खरे उत्तर देण्यासाठी एवढे श्रम! आमच्या घरी मूल 'असे का?' म्हणून विचारते, तेव्हा आम्ही काय करितो बरे?