शेवटची पायरी

इंदूरच्या जुन्या वाड्यांतील लाकडी जिने म्हणजे शिड्याच. पण हाताशी जाड दोर लोंबत असे आणि पायऱ्या साऱ्या एका उंचीच्या. आताचे जिने ऐसपैस आहेत. राष्ट्रीय भवन संहितेनुसार राहत्या घरातील पायरी १९ सेंटिमीटरहून उंच आणि २५ हून अरुंद नसावी. आमच्या इमारतीत हे पाळले आहे, मात्र मापे फरशी बसण्यापूर्वीची! तळमजल्यावर फरशी मागाहून चढली आणि तिच्या जाडीइतकी शेवटची पायरी ठेंगणी झाली. पाऊल तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच उंची मनाशी धरते. पुढे डोळे खाली पाहत नाहीत.

शेजारच्या काकू गेल्या श्रावणात तेथेच पडल्या, खुबा मोडला. मग कठडा आला. तोही भिंतीला इतका चिकटलेला की बोटे आत शिरत नाहीत. (बसवणाऱ्याने तो धरून पाहिला असेल, असे वाटत नाही.) शेवटी काकूंनीच कुंड्यांसाठी आणलेल्या गेरूचा ठळक पट्टा त्या पायरीच्या कडेला ओढवून घेतला. काहींना तो विद्रूप दिसतो. पुसण्याचा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. आम्ही विरोधात हात वर करणार आहोत.