ओलाव्याचा बंदोबस्त

पुण्याच्या शिवाजीनगरातील ज्या चौकाला लोक अद्यापि ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात, त्याला ते नाव हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून तेथे आल्यामुळे पडले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु हवेतील आर्द्रतेची अखंड नोंद ठेवण्यासाठी देशोदेशींच्या आणि आपल्याही वेधशाळांनी दीर्घकाळ जे यंत्र वापरले, त्याचा प्राण म्हणजे ताणून बसविलेला मानवी केसांचा एक झुबका असे, ही हकिकत फारशी कोणाच्या कानी गेलेली नसते. हवा दमट झाली की केस किंचित लांबतो, कोरडी झाली की आखडतो. त्याच्याशी जोडलेली तरफ हलते आणि तरफेच्या टोकाची शाईची लेखणी, घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावरील कागदावर, हवेचा रोजनामा लिहीत राहते. अगदी शुष्क हवेपासून पूर्ण संपृक्त हवेपर्यंत केसाची लांबी वाढते ती शेकडा दोन-अडीच. पण तेवढ्या भांडवलावर त्या यंत्राचा सारा कारभार चालतो.

ह्या यंत्राचा जनक जिनिव्हाचा विद्वान ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर. आर्द्रतामापनावरील आपला ग्रंथ त्याने १७८३ साली प्रसिद्ध केला. केस यंत्रात बसविण्यापूर्वी तो सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरील स्निग्धांश काढून टाकीत असे. कारण स्निग्धांश अंगावर असलेला केस हवेच्या हुकमाची तामिली आळसाने करतो, आणि यंत्राला हवा असतो तो ताबेदार केस. माझ्या मते केशसंवर्धनाविषयी जे म्हणून सांगण्यासारखे आहे, त्याचे सार ह्या एका कृतीत उलट बाजूने आलेले आहे. डोक्यावरच्या केसाने हवेची नोंद ठेवावी अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्याने हवेला शक्य तितकी दाद देऊ नये, एवढेच आपल्याला हवे असते. आणि तरीही सोस्यूरने बुद्ध्या जे केले, तेच आपण न्हाणीघरात अजाणता करीत असतो.

केसाचे बाह्य आवरण अतिशय पातळ खवल्यांचे असते. मंगलोरी कौलांच्या छपरात जसे वरचे कौल खालच्यावर चढवून वळचणीकडे उतरते ठेवतात, तसे हे खवले मुळाकडून टोकाकडे एकावर एक चढलेले असतात, आणि माणसाच्या केसात त्यांचे पाच ते दहा थर भरतात. एखादा लांब केस चिमटीत धरून बोटे मुळाकडून टोकाकडे सरकवावीत, ती गुळगुळीत जातात. तीच टोकाकडून मुळाकडे आणावीत, म्हणजे बारीकशी खरखर जाणवते. सर्वांत वरच्या खवल्यांवर निसर्गाने एका मेदाम्लाचा अत्यंत सूक्ष्म लेप रासायनिक बंधाने पक्का बसविलेला असतो, आणि त्याच्यामुळेच निरोगी केसावर पाणी थेंबाथेंबाने उभे राहते. हा लेप क्षारयुक्त रंगांनी, आणि विशेषतः केसाचा मूळ वर्ण घालविणाऱ्या ब्लीचने, एकदा नष्ट झाला की पुन्हा येत नाही. खवले उचकटले, झिजले वा तुटले की आतल्या गाभ्यात पाण्याचा शिरकाव सुलभ होतो. ह्या सुलभतेलाच केसाची सच्छिद्रता म्हणतात.

सच्छिद्रतेची कमी, मध्यम आणि अधिक अशी वर्गवारी आता सर्वतोमुखी झाली आहे. आफ्रिकी वंशाच्या ज्या स्त्रियांनी आपले निसर्गदत्त कुरळे केस सरळ करण्याचे नाकारले, त्यांच्यात ह्या चर्चेने विशेष मूळ धरले, आणि ते यथायोग्यच होते. कारण मळसूत्री केसावरून टाळूचे तेल सहजासहजी टोकापर्यंत उतरत नाही व प्रत्येक वळणावर खवल्यांना ताण पडतो. आपल्याकडे मात्र ही वर्गवारी जन्मनक्षत्रासारखी घेतली जाते. माझी पुतणी गेल्या महिन्यात पाण्याचा पेला घेऊन माझ्यापुढे बसली, त्यात तिने आपला एक केस सोडला आणि तो तरंगतो की बुडतो ते डोळे न हलविता पाहू लागली.

“काकू, तरंगतोय बघ. म्हणजे माझे केस कमी सच्छिद्र.”

“अगं, पण केस धुतलेला आहे की कालचं तेल आहे त्यावर?”

“तेल आहे.”

“मग तेलच तरंगतंय, बाई. आणि तू पेल्यात टाकलास तो केसाचा कुठला भाग? मुळाकडचा की शेंड्याकडचा?”

हा शेवटचा प्रश्न मी चेष्टेने विचारला नव्हता. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंत पोचलेली, पाऊण मीटर लांबीची वेणी घेतली, तर तिचे मूळ ह्या महिन्यातले आणि शेंडा सहा वर्षांपूर्वीचा असतो. त्या शेंड्याने सहा उन्हाळे सोसलेले असतात, शेकडो वेळा स्नान केलेले असते, कंगव्याचे घर्षण तर मोजदादीपलीकडचे. तेव्हा एकाच डोक्यावर, किंबहुना एकाच केसावर, कमी आणि अधिक अशा दोन्ही सच्छिद्रता सुखाने नांदतात. आम्ही दोघींनी मग धुऊन वाळविलेल्या तिच्या केसांवर पाण्याचा हलका फवारा मारून पाहिला. मुळाजवळ थेंब जसेच्या तसे उभे राहिले आणि वीतभर शेंडा बघता बघता गर्द होऊन ओला झाला. एवढ्या परीक्षेवरून कोठे किती लक्ष पुरवावे ते समजते, आणि पेल्यापेक्षा तिची साक्ष अधिक भरवशाची असते.

येथे एका रूढ समजुतीची झडती घेतली पाहिजे. केस रुक्ष वाटले की ‘त्यांत ओलावा उरला नाही’ असे आपण म्हणतो व तो भरून काढण्याच्या खटपटीस लागतो. वस्तुतः नेहमीच्या हवेत निरोगी केस आणि ब्लीचने पोळलेला केस शेजारी शेजारी ठेवले, तर दोहोंतील पाण्याचे प्रमाण जवळपास सारखेच भरते. ते ठरविते हवा, केसाची प्रकृती नव्हे. बोटांना जो रुक्षपणा लागतो तो पृष्ठभागाचा असतो, उचकटलेल्या खवल्यांचा असतो. भेद पडतो तो पाण्याच्या ये-जा करण्याच्या वेगात. सच्छिद्र केस पाणी भराभर पितो, भिजून फुगतो, आणि वाळताना पुन्हा तितकाच आकसतो. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धारण करतो व त्याची जाडी शेकडा पंधराच्या आसपास वाढते. हे फुगणे-आकसणे वारंवार होत राहिले की खवले आणखी सैल होतात. म्हणून केसाला पाणी पाजण्याचा प्रश्न नसून पाण्याच्या ह्या ये-जा करण्यावर बंदोबस्त ठेवण्याचा प्रश्न आहे. मुंबईच्या श्रावणात केस पिंजारतात ते हवेतील ओलावा मनमानी आत शिरल्यामुळे, आणि नागपूरच्या वैशाखात ते फिस्कटतात ते असलेला ओलावा निघून गेल्यामुळे. दोन्हीकडे तक्रार वेगळी दिसली तरी कसूर त्याच एका मोडक्या पहाऱ्याची असते.

ह्या दृष्टीने पाहिले असता, न्हाण्याआधी तेल लावण्याची आपल्याकडची चाल निव्वळ रूढी ठरत नाही. अभ्यंगस्नानात तेल आधी असते, पाणी मागाहून. हा क्रम महत्त्वाचा. रेले आणि मोहिले ह्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल ह्यांची तुलना केली, तेव्हा धुण्यापूर्वी वा धुतल्यानंतर लावले असता केसातील प्रथिनांची झीज लक्षणीय प्रमाणात कमी करणारे तेल एकटे खोबरेल ठरले. ते संशोधन खोबरेल विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतले होते, हे वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. परंतु त्यामागील कारण रसायनशास्त्रास धरून आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाचा रेणू सरळ आणि आटोपशीर असल्याने तो गाभ्यात शिरू शकतो, आणि आत तेल असले की पाणी कमी शिरते व केस कमी फुगतो. ज्यांचे केस मुळातच पाण्याला दाद देत नाहीत, त्यांना मात्र थोडे तेल पुरते, नाहीतर ते वरच्यावर थापून राहते. आणि कोंड्याची तक्रार असलेल्यांनी टाळूवर तेल मुरवत ठेवू नये.

साबणाचा दोष त्याच्या क्षारात आहे. क्षाराने केस फुगतो, खवले उघडतात, आणि विंधनविहिरीच्या जड पाण्यात साबणाचा जो चुनकट साका होतो तो त्यांवर बसतो. रिठे व आवळकाठी घालून उकळलेली शिकेकाई सौम्य आम्लधर्मी असते व तिचा तसा साका होत नाही. तथापि दाट काढा करून दररोज चोळणाऱ्यास तीही रुक्ष करील. शाम्पू टाळूवर चोळावा, शेंड्यांना त्याचा उतरता फेस पुरे. त्यावर लावावयाचा कंडिशनर मात्र शेंड्यांचाच हक्क आहे; त्यातील धनभारित द्रव्ये जखमी, ऋणभारित जागांना आपसूक चिकटतात आणि खरखर झाकतात. धुतलेले केस पंच्याने झोडपू नयेत, टिपावेत. ओला केस दुबळा असतो, म्हणून सरळ केस बरेचसे वाळल्यावर विंचरावेत. कुरळ्यांची गुंतवळ मात्र कंडिशनर लावलेला असताना, रुंद दातांच्या फणीने, शेंड्याकडून वर वर सोडवीत जावी. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री फिरविणे तर सर्वथा वर्ज्य. आतल्या पाण्याची वाफ होऊन गाभ्यात फुगे धरतात आणि तेथेच केस तुटतो.

फाटे फुटलेल्या शेंड्यास कात्रीवाचून इलाज नाही, आणि दुरुस्तीची हमी देणाऱ्या बाटल्या फार तर दोन न्हाण्यांच्या मुदतीची डागडुजी करतात. पुतणीला मी एवढेच सांगितले की शेंड्यांवर खर्च करण्याआधी मुळाशी ह्या महिन्यात उगवलेल्या सेंटिमीटरभर केसाचा विचार कर; तो अजून शाबूत आहे, आणि वेणी राखण्याचा तुझा विचार कायम असला, तर सहा वर्षांनी शेंडा म्हणून तुझ्या पाठीवर तोच असणार आहे.