कायदा सरकारचा, शब्द आपला

आपल्या बाजारात दोन वाक्ये रोज कानावर पडतात. नुकसान झाले की "सरकार काय करते?" आणि हिशेब तपासायला अधिकारी आला की "सरकारचे इथे काय काम?" बहुतेक वेळा दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात. सरकारची जबाबदारी कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते, ही रेषा आपण सोयीप्रमाणे सरकवतो. उधारीच्या व्यवहारात ती कुठे असावी, याबद्दलचे आमचे मत व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

कापडाच्या धंद्यात 45 दिवसांच्या नियमाची बरीच चर्चा झाली. मूळ कायदा 2006 सालचा, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी केलेला. नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे चुकते करायचे. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने.

हा कायदा बाजाराने फारसा मनावर घेतला नाही. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या छोट्या यंत्रमागवाल्याने मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस द्यायची तर पुढची ऑर्डर गेलीच म्हणून समजा. मग 2023 मध्ये प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती झाली. अशा उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरायची नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकती होईल त्या वर्षी धरायची. 2023-24 च्या हिशेबापासून हे लागू झाले आणि 2024 च्या सुरुवातीला कापड बाजारात एकच धावपळ उडाली. सुरतेसारख्या पेठांतून नियम पुढे ढकलण्याची मागणी झाली. "नोंदणी रद्द करा, तरच माल घेतो," असे उत्पादकाला सुनावणारेही निघाले.

सरकार आता आमच्या खातेवहीत डोकावते, अशी ओरड झाली. पण ही पाळी कोणी आणली? यंत्रमागवाल्याला सूत घेताना पैसे मोजावे लागतात, विजेचे बिल महिन्याला येते, कामगाराचा पगार आठवड्याला द्यावा लागतो. त्याने विणलेले कापड आपण उचलतो, विकतो, नफा गल्ल्यात टाकतो आणि त्याला म्हणतो, "ईदनंतर बघू, दिवाळीनंतर बघू." तीन महिने, सहा महिने त्याच्या भांडवलावर आपला धंदा चालतो आणि पेढीवर बसून आपण त्याला हुशारी म्हणतो. आपला शब्द पाळला गेला असता तर दिवस मोजण्याची वेळ सरकारवर आली नसती. माणसे आपली जबाबदारी टाकतात तेथे सरकारला यावे लागते. आणि सरकार आले की चांगला आणि वाईट असा भेद न करता सर्वांना एकाच गजाने मोजते.

यावर शेलूबाजारसारख्या गावातील दुकानदाराची एक रास्त तक्रार आहे, तीही मांडली पाहिजे. व्यापाऱ्याला 2021 पासून उद्यम नोंदणी करता येते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतीच. 45 दिवसांचे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. म्हणजे थेट कारखान्यातून माल घेतला तर देताना आपण बांधलेले आणि घेताना मोकळे. आमचे गिऱ्हाईक शेतकरी. लग्नाचा बस्ता असो की पोरांचे कपडे, त्याचे पैसे सोयाबीन विकले की येतात. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झाला होता. बाजारात बराच माल त्याहून पुष्कळ कमी भावाने गेला. शेतकऱ्याच्या हातात जे कमी पडले, ते शेवटी आमच्या खातेवहीत थकबाकी होऊन बसले. शेतकऱ्याला दोष देऊन ती वसूल होत नाही. जाहीर केलेला भाव प्रत्यक्ष मिळवून देणे कोणा एका दुकानदाराच्या हातातले नाही. ते सरकारचे काम आहे आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

रस्त्याचेही तसेच. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर 2022 मध्ये शिर्डीपर्यंत आणि जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. आपल्या शेलूबाजारजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. गावातले सारे व्यापारी एक झाले असते तरी असा रस्ता बांधू शकले नसते. पण त्याच रस्त्याने आमचे गिऱ्हाईक बस्ता बांधायला नागपूरला निघाले, तर त्याला थांबवणे सरकारचे काम नव्हे. ते आमच्या भावाचे, मालाचे आणि बोलण्याचे काम आहे.

सरकारलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. दुसऱ्याला 45 दिवस सांगणाऱ्याने आपले देणे आधी वेळेवर द्यावे. थकलेल्या बिलांसाठी राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांना 2025 मध्ये आंदोलने करावी लागली. शिवाय उशिराच्या पैशांच्या तक्रारींचा निवाडा 90 दिवसांत व्हावा, असे त्याच 2006 च्या कायद्यात लिहिले आहे. ते पाळून दाखवणे हा सरकारच्या शब्दाचा प्रश्न आहे.

आता कायद्याचा हात कुठवर पोहोचतो, ते पाहू. आमच्यासाठी कपडे शिवणाऱ्या शिंप्याची कुठे नोंदणीच नसते. दोन-चार हजारांच्या शिवणावळीसाठी तो कोणत्या कचेरीत जाणार? दुसरी गोष्ट आपल्या समाजाची. या कायद्याचे मोठे हत्यार व्याज आहे, आणि आपल्यातील पुष्कळ लोक व्याज घेत नाहीत. ते चक्रवाढ व्याजाचा दावा लावणार नाहीत, हे समोरच्यालाही ठाऊक असते. अशा माणसाचे पैसे अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या सचोटीचा फायदा घेणे. त्याच्यासाठी देणाऱ्याची नियत हाच कायदा.

म्हणून आमचे व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगणे असे :

1) कारागिराने उद्यम नोंदणी करून घ्यावी. आधार व पॅन लागते, फी काहीच नाही. दलालाला त्यासाठी पैसे देऊ नयेत. शिंपी, सुतार, लोहार, चांभार यांच्यासाठी 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. त्यात तारणाशिवाय पहिले कर्ज एक लाखापर्यंत मिळते. विणकर मात्र त्या 18 व्यवसायांच्या यादीत नाही. त्याचा समावेश व्हावा, ही मागणी आपण जोर लावून करावी.

2) व्यवहार छोटा असला तरी लिहून ठेवावा : माल किती, भाव काय, पैसे कोणत्या तारखेला. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, पण हिशेब उर्दूत लिहिला काय आणि मराठीत लिहिला काय, तारीख दोन्हीकडे तीच राहते. लिहिलेले असले की भाऊ भावाशी भांडत नाही आणि बँकेतही दाखवायला कागद राहतो.

3) देणी फेडण्याचा क्रम ठरवावा. आधी मजूर, मग शिंपी व विणकर, मग घाऊक व्यापारी. ज्याची थांबण्याची ताकद कमी, त्याचे पैसे आधी. आपल्याकडे सहसा उलट होते. जोरात मागणाऱ्याला आधी मिळतात आणि गरीब दारातून परत जातो.

4) गिऱ्हाइकाची उधारी अडली तर घेणेकऱ्यासमोर स्वतः जाऊन सांगावे आणि नवी तारीख द्यावी. फोन न उचलणे हा जबाब नव्हे.

एकट्याच्या हाताने होत नाही ते सरकारने करावे : रस्ता, वीज, शेतमालाचा भाव, वेळेवर निवाडा. आणि दुसरे कोणी आपल्यासाठी करूच शकत नाही ते आपण करावे : खरे माप, लिहिलेला हिशेब, दिलेल्या तारखेला दिलेले पैसे. आपल्या बाजूचे पूर्ण करून सरकारच्या दारात गेलेल्या माणसाला खालच्या मानेने बोलावे लागत नाही. विणकराचे देणे थकवून सोयाबीनच्या भावासाठी मोर्चात पुढे चालणाऱ्याच्या घोषणेत मात्र जोर कुठून येणार? या हंगामाचे पैसे गल्ल्यात येतील तेव्हा पहिला लिफाफा शिंप्याचा आणि विणकराचा निघावा, एवढेच आमचे मागणे आहे.