कुत्रं आपलं, तर जबाबदारीही आपलीच

"काई नाई करत जी थो, खेळाले येते." रस्त्यावर मोकळं सोडलेलं कुत्रं दुसऱ्याच्या साखळीतल्या कुत्र्यावर धावून जातं, तेव्हा त्याचा मालक ओट्यावरूनच हे सांगतो. तो खोटं बोलत नसतो. घरी ते कुत्रं खरंच काही करत नाही, पोरं त्याच्या अंगावर लोळतात. पण घरातलं कुत्रं आणि रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्यासमोर उभं राहिलेलं कुत्रं यांच्या वागण्यात फार फरक असतो. मालकाचं वाक्य पूर्ण होईपर्यंत दात मानेत गेलेले असतात.

मुकुटबनला हा प्रश्न शहरी म्हणून झटकून टाकता येणार नाही. झरी जामणी तालुक्यातल्या या गावाभोवती मार्की-मांगलीचा कोळसा आहे, सिमेंटचा कारखाना आहे. रोजगारासाठी बाहेरून कुटुंबं आली. साखळीला बांधून सकाळ-संध्याकाळ फिरवायचं कुत्रं हा प्रकार आता अशा गावांनाही नवा राहिलेला नाही. जुना गावकुत्रा तर आहेच. तो एका घरी जेवतो, दुसऱ्याच्या ओसरीत झोपतो, सकाळी धन्यामागे वावरात जातो आणि रात्री रानडुकरांवर भुंकतो. एकाच रस्त्यावर हे दोघं समोरासमोर येतात. एक बांधलेला असतो, दुसरा मोकळा, आणि भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. मोकळं कुत्रं ताठ पायांनी, शेपूट वर करून, नजर न हलवता येतं. ते पाहून फिरवणारा घाबरतो आणि साखळी आखडून घेतो. साखळी ताणली की बांधलेल्या कुत्र्याची मान वर होते, छाती पुढे येते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. म्हणून लांबूनच दिशा बदलावी, साखळी सैल पण आखूड ठेवावी, मध्ये एखादी उभी गाडी किंवा कुंपण घ्यावं. धावू नये. लहान कुत्र्याला उचलून कडेवर घेण्याचा मोह होतो, पण तसं केलं की मोकळं कुत्रं अंगावर उडी मारतं आणि चावा माणसाच्या दंडाला बसतो.

जुंपलीच, तर दोघांच्या तोंडांमध्ये हात कधीही घालू नये. गळपट्टा धरून ओढणाऱ्यालाच सर्वाधिक चावे बसतात, कारण त्या क्षणी कुत्रं मालकालाही ओळखत नाही. काठीने मारलं तर पकड अनेकदा आणखी घट्ट होते. बादलीभर पाणी, पत्र्यावर जोराचा आवाज, अंगावर टाकलेलं घोंगडं किंवा पोतं यांचा उपयोग जास्त होतो. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीजवळ धरून उचलावेत आणि मागे सरकत जावं. दातांची पकड सुटलेली नसताना मात्र ओढू नये, कातडी फाटते.

नंतरची चूक जास्त महागात पडते. सुळ्याचा दात आत शिरला की बाहेर ज्वारीच्या दाण्याएवढं भोक दिसतं, पण झटके देऊन हलवल्यामुळे आतली कातडी मांसापासून सुटलेली असते, स्नायू चिरडलेले असतात. वरून खपली धरते आणि आत पू साठतो. मिरचीपूड, चुना, जळकं तेल लावून जखम बुजवणं म्हणजे तो पू आत कोंडणं. जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन जनावरांच्या डॉक्टरला त्याच दिवशी दाखवावी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. गाय-बैलांसाठी तो अनेकांना माहीत असतो, कुत्र्यासाठी फिरवायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही.

चावा बसलेल्या कुत्र्याला आधी रेबीजची लस दिलेली असली, तरी डॉक्टरकडून पुन्हा डोस घ्यावाच लागतो. चावणारं कुत्रं दहा दिवस नजरेखाली राहिलं पाहिजे. ते कुणाचं आहे हे कळणं म्हणूनच महत्त्वाचं. सोडवताना माणसाला ओरखडा आला, रक्त आलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजून गावोगाव आहे. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता दंडात मोजके डोस असतात, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर त्यासोबत जखमेभोवती सीरम देतात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एवढं सगळं होऊन गावात काय होतं? ग्रामपंचायतीकडे 'मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा' असा अर्ज जातो. पण यातली बरीच कुत्री बेवारस नसतात. त्यांना नाव असतं, घर असतं, दिवाळीला त्यांच्या गळ्यात नवा पट्टा येतो. सगळ्या गल्लीला ठाऊक असतं की कुत्रं कुणाचं. भावकी, शेजार, रोजचा राम राम, म्हणून त्या दारात कुणी जात नाही. अर्ज मोकाट कुत्र्यांवर होतो आणि मालक सुटतो.

कायदा त्याला सोडत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंतनाशक आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्र पोलीस कायद्यातही हिंस्र कुत्रं तोंडाला जाळी न बांधता रस्त्यावर सोडण्यास मनाई आहे. मुंबईत २०२३ मध्ये रॉटवायलरच्या चाव्याबद्दल एका मालकाला तीन महिन्यांची, तर २०२५ मध्ये लिफ्टमध्ये शेजाऱ्याला हस्की चावल्याबद्दल दुसऱ्याला चार महिन्यांची शिक्षा न्यायालयाने सुनावली. दोन्ही प्रकरणांत चावा माणसाला होता. कुत्र्याने कुत्र्याला फाडलं तर पोलीस ठाण्यात हसण्यावारी नेलं जाण्याची भीती असते. पण साखळीचं दुसरं टोक माणसाच्या हातात असतं आणि धोका त्यालाही असतो, हे ध्यानात घ्यायला हवं. फोटो, डॉक्टरची चिठ्ठी आणि साक्षीदाराचं नाव घेऊन लेखी तक्रार द्यावी, आणि उपचाराचा खर्च मालकाकडे मागावा. मागण्यात लाज कसली?

गावकुत्र्याला जन्मभर खुंट्याला बांधा, असं कुणी म्हणत नाही. दिवसरात्र बांधलेलं कुत्रं चिडकंच होतं. वावरात ते मोकळंच हवं. रानडुकरं हाकलायला शेतकऱ्याला त्याच्याइतका भरवशाचा गडी मिळत नाही. मागणी रस्त्यापुरती आहे. वर्दळीच्या वेळी, शाळेच्या वाटेवर, बसथांब्यावर कुत्रं हातातल्या दोरीला असावं. दोरी सुताची असली तरी चालते. लसही काही शे रुपयांत होते.

राग विषाने काढणं हा दुसरा टोकाचा मार्ग. जनावराला विष घालून मारल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय विष कुत्र्यापाशी थांबत नाही. मेलेलं जनावर ओढणारे कोल्हे, घारी, बिबटेही त्याला बळी पडतात. मुकुटबनच्या जंगलात वाघाचा वावर आहे, शेजारी टिपेश्वर अभयारण्य आहे. इथं मोकळं कुत्रं जंगलाच्या कडेने फिरतं तेव्हा ते बिबट्याला गावात आणतं आणि स्वतःचे रोग जंगलात नेतं. २०१८ मध्ये गीरमध्ये अवघ्या काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. मेलेल्यांपैकी काहींमध्ये कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. इथल्या वाघांसाठी तो धोका कमी आहे असं मानायला कुठलाच आधार नाही, आणि या रोगाची लस कुत्र्याला पिल्लू असतानाच देता येते.

खऱ्या बेवारस कुत्र्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं की निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत. रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत. शहरात यासाठी निदान केंद्रं तरी असतात. खेड्यात निर्बीजीकरणाची गाडी कोण पाठवणार? जिल्हा परिषद आणि पशुसंवर्धन विभाग यांनी याचं उत्तर द्यायला हवं, आणि ते मागण्याचा हक्क मुकुटबनसारख्या गावांना आहे. पण ज्या कुत्र्याला घर आहे, त्याच्यासाठी सरकारची वाट पाहण्याचं कारण नाही.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्यानंतर चार दिवसांनी, २ ऑक्टोबरला ग्रामसभा. मुकुटबनच्या ग्रामपंचायतीने सप्टेंबरच्या त्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्याला सोबत घेऊन लसीकरणाचं शिबिर लावावं, कुत्र्यांची मालकासह नोंद करावी आणि ग्रामसभेत ठराव घ्यावा: गावठाणातल्या रस्त्यावर पाळीव कुत्रं मोकळं दिसलं तर पहिल्यांदा मालकाला समज, दुसऱ्यांदा लेखी नोटीस, आणि कुणाच्या जनावराला इजा झाली तर उपचाराचा पूर्ण खर्च मालकाकडून. विषय पत्रिकेवर यावा म्हणून लेखी पत्र सरपंचांकडे आधीच द्या.